नारळ कोणाच्या हाती

करंजा,
९ जुलै

चि. शोभास,
आशीर्वाद.

माझं पत्र बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत. तुझी बहीण गेल्यापासून मी तुला पत्र लिहिलं नव्हतं, आता लिहितो आहे कारण बोलायला दुसरं कोणी नाही आणि इंग्रजी येणारं तर नाहीच.

फोन करू नकोस. मला स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की अख्ख्या आळीला ऐकू जातं. त्यातून फोन बहुतेक वेळा सुनेच्या, मोनालीच्या हातात असतो. हे पत्र सोनाबाईबरोबर पाठवतो. ती आठवड्यातून दोनदा पनवेलच्या बाजारात सुकट विकायला येते. पत्राला वास आला तर माफ कर.

मुद्द्याचं सांगतो. परवा देव्हाऱ्यातली उदबत्ती संपली म्हणून मोनालीच्या कपाटात शोधत होतो. साडीच्या घडीखाली स्टॅम्पपेपर सापडला. सगळा इंग्रजीत. बोटीवर नाव रंगवायला शिकलो तेवढीच मला इंग्रजी अक्षरं येतात. त्यात माझं नाव दोन ठिकाणी आणि जीवनचं एका ठिकाणी आहे, हे मी ओळखलं. मधे एक ओळ होती, ती सिगारेटच्या पाकिटावर चित्र काढावं तशी उतरवून घेतली. पाकीट सोबत आहे. त्यातला मधला लांब शब्द मला काही वाचता येईना.

पोरगा आणि सून माझ्याशी या कागदाबद्दल एक अक्षर बोललेले नाहीत. जीवन हल्ली इस्त्रीचा शर्ट घालून कुठेतरी जातो. विचारलं तर म्हणतो, ‘काम हाय पनवेलला.’ मासेमारी बंद आहे, बोट किनाऱ्यावर ओढलेली आहे, पनवेलला कसलं काम?

त्या शब्दाचा अर्थ कळव. कोणाला सांगू नकोस.

दिनानाथ


पनवेल,
१२ जुलै

ती. भावोजींना शोभाचा नमस्कार.

पत्र मिळालं. सोनाबाई दारात उभी राहून म्हणाली, ‘दिनानाथदादा मेवनीला चिठ्ठ्या लिवाया लागला, काय बाय म्हनावं!’ मी तिला चहा पाजला आणि गप्प केलं. किती दिवस गप्प राहील सांगता येत नाही.

पाकिटावरची अक्षरं सुवाच्य आहेत. मधला शब्द आहे कॉन्स्टिट्यूट. शाळेत तीस वर्षं मी तो ‘बनणे’, ‘मिळून होणे’ असाच शिकवला. पण स्टॅम्पपेपरवर तो वेगळ्या कामाला येतो. तिथे त्याचा अर्थ नेमणे, अधिकार देऊन एखाद्याला आपल्या जागी उभं करणे. एकटा तो क्वचित भेटतो. तुमच्या ओळीत त्याच्या एका बाजूला नॉमिनेट आहे, दुसऱ्या बाजूला अपॉइंट. तिघांचा अर्थ जवळजवळ एकच. वकिलांना एका खिळ्याने समाधान होत नाही, ते तीन ठोकतात.

रोजच्या बोलण्यात हे क्रियापद कोणी वापरत नाही. मी शेजारणीला भाजी आणायला कॉन्स्टिट्यूट केलं, असं म्हटलं तर लोक हसतील. सही-शिक्क्याच्या कामातच ते शोभतं. आणि त्याला नेहमी दोन माणसं लागतात, एक नेमणारा आणि एक नेमलेला. ज्याच्याकडे अधिकार आहे तोच दुसऱ्याला देऊ शकतो.

थोडक्यात, हे कुलमुखत्यारपत्र आहे. ज्याला नेमलं तो दुसऱ्याच्या नावाने सह्या करू शकतो. म्हणून मला तीन गोष्टी कळवा. कोणाचं नाव आधी आहे? कागद कशाबद्दल आहे, घर की बोट? आणि दोन्ही कोणाच्या नावावर आहेत?

मी स्वतः आले असते, पण गुडघ्याला पट्टा आहे. डॉक्टरांनी जिना उतरायची बंदी केली आहे.

शोभा


करंजा,
२० जुलै

चि. शोभास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी जाळ्यांच्या खोलीत बसून वाचलं. सगळं समजलं. संशय होता, आता खात्री झाली.

कागद पुन्हा बघायला गेलो तर कपाटात नाही. म्हणजे मी बघितला हे मोनालीला कळलं असणार, किंवा सहीची वेळ जवळ आली असणार. नाव कोणाचं आधी, हे मला आठवत नाही. पण माझंच असणार. बाप असताना पोराचं नाव आधी कसं येईल? आणि माझं नाव दोनदा होतं, ते मी नीट बघितलं आहे. जो देतो त्याचंच नाव पुन्हा पुन्हा घेतात ना?

कशाबद्दल विचारतेस, तर बोटीबद्दल. बोटीचा नंबर त्यात होता, तो मी झोपेतही ओळखेन. बोट माझी आहे. हे सगळ्या करंजाला माहीत आहे.

आणखी ऐक. जीवननं नवे बूट आणलेत, काळे, पुढे लोखंड घातलेले. कोळ्याच्या पोराला बूट कशाला? ते जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलेत. मी विचारलं, ‘हे कोनाचं?’ तर मोनाली म्हणाली, ‘मित्राचं हाय, बाबा.’ मित्राच्या बुटांना जीवनच्या पायाचं माप कसं? मी माझ्या हातानं त्याची चप्पल लावून बघितली.

कुठली तरी कंपनी बोट विकत घेत असणार, आणि हा त्यांच्यात जाऊन बसणार. काल जेवताना म्हणाला, ‘बाबा, पुनव झाली की मला तुमच्याशी बोलाचा हाय.’ मी म्हटलं आताच बोल. मान खाली घालून भात कालवत बसला.

पौर्णिमेनंतर का? नारळी पौर्णिमेला त्याच्या हातात बोटीच्या मानाचा नारळ पडला की मग म्हाताऱ्याची गरज संपली, म्हणून.

दिनानाथ


पनवेल,
२४ जुलै

ती. भावोजींना नमस्कार.

तुम्ही लिहिलंत तसंच असेल तर सावध राहा. मी तीन सूचना करते. घरात कोणी कसलाही कागद पुढे केला तरी सही करू नका, बँकेचा आहे म्हणाले तरी नाही. डोळ्यांचं कारण सांगा. अंगठाही देऊ नका. आणि गोड बोलणं वाढलं तर जास्त सावध व्हा. हे लोक आधी चष्म्याची चौकशी करतात, औषधं आणून देतात, मग एक दिवस चहाबरोबर कागद येतो. ‘फक्त इथे आणि इथे.’ ज्या ठिकाणी सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते.

माझ्या ओळखीच्या एका बाईंचं असंच झालं. शिकलेल्या बाई. त्यांनी न वाचता सही केली, कारण समोरचा मुलगा घरातला होता. त्यांनी त्याला नेमलं होतं, हे त्यांना दोन महिन्यांनी कळलं.

जीवन तसा आहे असं मला वाटत नव्हतं. लहानपणी तो इथे सुट्टीला यायचा तेव्हा आंब्याची फोडही विचारून घ्यायचा. पण माणसं बदलतात. शकूताई असती तर तिने त्याला समोर बसवून विचारलं असतं. तुम्ही विचारणार नाही, हे मला माहीत आहे.

बूट, शर्ट, कपाटातून हललेला कागद, या सगळ्याचा मला एकच अर्थ लागतो आहे. तुम्ही माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नीट दिलं नाही. बोट तुमची हे करंजाला माहीत असेल, कागदावर काय आहे?

शोभा


करंजा,
१ ऑगस्ट

चि. शोभास,
आशीर्वाद.

कागदाचं कागदावर राहू दे.

मी ठरवलं आहे. तुमच्या इंग्रजीत माणसाला नेमायला तीन शब्द लागतात, आमच्याकडे एक नारळ पुरतो. नारळी पौर्णिमेला बोटीचा मालक सोनेरी कागद लावलेला नारळ ज्याच्या हातात देतो, तो त्या वर्षाचा तांडेल. तोच बोटीच्या टोकावर जाऊन नारळ दर्याला देतो, त्याचाच शब्द खलाशी मानतात. दहा वर्षं मी तो जीवनला दिला.

या वर्षी काय करायचं ते मी बघतो. त्यांनी स्टॅम्पपेपर लपवला, मी नारळ लपवणार नाही. सगळ्यांसमोर देईन.

दिनानाथ


पनवेल,
६ ऑगस्ट

ती. भावोजी,

हे पत्र मिळताच वाचा, आणि वाचेपर्यंत काहीही करू नका.

आज कमलाकर आला होता. तो माझा जुना विद्यार्थी, तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून दस्तऐवज टाइप करतो आणि स्पेलिंग अडलं की माझ्याकडे येतो. मी त्याला सहज विचारलं की हल्ली कॉन्स्टिट्यूट कोण कोण करून घेतं. तो म्हणाला, ‘रोजच असतात, बाई. बाप पोराला, सासू जावयाला, भाऊ भावाला. पण गेल्या महिन्यात एक उलटा आला. देणारा पोरगा, घेणारा बाप. सतरा वर्षांत पहिलाच, म्हणून लक्षात राहिला. करंजाचा होता, बोटीचा कागद.’

मी नाव विचारलं. तो आधी सांगेना. मी शाळेतला आवाज काढला, तेव्हा सांगितलं.

भावोजी, देणारा जीवन आहे. घेणारे तुम्ही. कमलाकरने बघितलेल्या सरकारी कागदावर बोट दहा वर्षांपासून त्याच्या नावावर आहे, हे तुम्ही मला कळवलं नाहीत. कळवलं असतंत तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. ज्याच्या नावावर आहे तोच देऊ शकतो. तुमचं नाव दोनदा दिसलं कारण एकदा ते त्याच्या नावात होतं, जीवन दिनानाथ कोळी. वडिलांचं नाव मधे लागतं हे मला सुचायला हवं होतं. जन्मभर हजेरी घेतली मी.

कमलाकरने त्याला विचारलं होतं, का रे देऊन टाकतोस? जीवन म्हणाला, ‘मी आता दर्यावर जानार नाय. बोट बाबांचीच हाय, त्यांच्याच हातात रावदे.’ याहून जास्त काही बोलला नाही.

फोन दोनदा केला. मोनालीने उचलला. ‘बाबा बोटीवर हायत, मावशी. काय सांगू?’ तिला मी काय सांगणार होते? ठेवून दिला. सोनाबाई काल गेली ती पौर्णिमा करूनच परत येणार आहे. खालच्या मजल्यावरच्या स्नेहलला सांगून हे पोस्टात टाकते आहे. वेळेत पोचो.

शोभा


करंजा,
१० ऑगस्ट

चि. शोभास,
आशीर्वाद.

झालं. तुला आधी कळवतो, नाहीतर सोनाबाई तिखटमीठ लावून सांगेल.

पौर्णिमेला धक्क्यावर सगळे जमले होते. बोटींना पताका, बायकांनी नव्या साड्या नेसलेल्या, पोरं नाचत होती. माझ्या हातात नारळ होता. जीवन धुतलेले कपडे घालून पुढे उभा होता. दहा वर्षं जिथं उभा राहतो तिथंच. मी त्याच्या समोरून चालत गेलो आणि नारळ दादूच्या हातात दिला. दादू वीस वर्षं आमच्या बोटीवर खलाशी आहे. त्यानं एकदा जीवनकडे बघितलं. ‘दादा, चुकतंय काय तरी,’ असं म्हणाला. मी म्हटलं, ‘चुकत नाय. वर जा.’

बेंजोवाल्यांचं वाजवणं थांबलं. मोनालीनं तोंडाला पदर लावला.

मला वाटलं होतं जीवन भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती, तुझ्या पत्रातले शब्दसुद्धा पाठ केले होते. तो आला, माझ्या पाया पडला आणि गर्दीतून निघून गेला. आणि शोभा, त्याचा चेहरा मी बघितला. तो हसल्यासारखा होता. पकडला गेलेला माणूस असा हसतो का? मी दोन दिवस तोच विचार करतो आहे.

घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. भात वाढतात.

दिनानाथ


पनवेल,
१३ ऑगस्ट

ती. भावोजी,

आपल्या पत्रांची वाटेत चुकामूक झाली. माझं सहा तारखेचं आता तुमच्या हातात असेल. नसेल तर त्याची नक्कल सोबत आहे. आधी ती वाचा.

वाचलीत? आता माझं ऐका. यात तुमच्याइतकीच माझी चूक आहे, कदाचित जास्त. तुम्ही माझ्याकडे एका शब्दाचा अर्थ मागितला होता. मी अर्थ सांगून थांबले असते तर बरं झालं असतं. मी पुढे जाऊन जीवनवर आरोपपत्र लिहिलं.

चोवीस जुलैच्या पत्रातल्या ओळखीच्या बाई मीच. केतनने, माझ्या दिराच्या मुलाने, जानेवारीत चहाबरोबर कागद आणला. पेन्सिलीच्या फुल्या होत्या. चष्मा समोर टेबलावर होता आणि मी तो लावला नाही, कारण वाचून सही केली तर त्याला वाईट वाटेल असं मला वाटलं. ह्यांचा कळंबोलीचा लोखंडबाजारातला गाळा त्याने परस्पर कोणाला तरी देऊन टाकला. मी बघायला गेले तर तिथल्या माणसाने मला विचारलं, ‘आजी, कोण पाहिजे?’ त्या कागदातही तीच ओळ होती, तेच तीन खिळे. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई न वाचता सही करते, हे मी कोणाला सांगू? म्हणून तुमचं पाकीट आलं तेव्हा मला जीवनच्या जागी केतन दिसला.

दिलेला अधिकार काढूनही घेता येतो. पुढच्या आठवड्यात कमलाकरकडून तसा कागद करून घेते आहे. शब्द मी स्वतः तपासणार आहे.

तुम्ही आता फक्त एक करा. जीवनजवळ बसा. तो दर्यावर का जाणार नाही, ते विचारा.

शोभा


करंजा,
२५ ऑगस्ट

चि. शोभास,
आशीर्वाद.

उशीर झाला. विचारायला मला आठ दिवस लागले.

तुझं पोस्टातलं पत्र पौर्णिमेनंतर तीन दिवसांनी आलं. ते घेऊन मी किती वेळ धक्क्यावर बसलो ते सांगत नाही. बोट त्याच्या नावावर आहे हे तुला मुद्दाम लिहिलं नव्हतं. परवान्याच्या वेळी मच्छीमार सोसायटीवाल्यांनी सांगितलं म्हणून त्याचं नाव घातलं, तेव्हा शकू माझ्याशी महिनाभर भांडली होती. तुला लिहिलं असतं तर तूही म्हणाली असतीस, ताई सांगत होती. एवढ्यासाठी मी पोराला चोर ठरवला.

शेवटी जाळं मधे आलं. फाटलेलं जाळं शिवायला दोन माणसं लागतात. जीवन समोर येऊन बसला, मी सुई भरून दिली. मान वर न करता विचारलं, ‘दर्याचा काय झाला?’

त्यानं दोन गाठी मारल्या. मग सांगितलं. गेल्या कार्तिकात भर दुपारी जाळं सोडताना दोर पायात अडकला आणि तो पाण्यात ओढला गेला. दादूनं दोर कापून वर काढला. त्या दिवसापासून बोट हलली की त्याला श्वास घेता येत नाही. तरी मे महिन्यापर्यंत जात राहिला. सुकाणू दादूकडे द्यायचा. खलाशांनी देवाची शपथ घेतली होती, बाहेर बोलायचं नाही. मला घरात बसून काही दिसलं नाही. बूट मात्र दिसले.

बूट बंदरातल्या कंटेनर यार्डातल्या नोकरीचे. पनवेलला तो डॉक्टरी तपासणीला आणि ट्रेनिंगला जात होता. मला सांगायला धजत नव्हता. चार पिढ्यांत कोणी किनाऱ्यावर पगार घेतला नाही आमच्याकडे. बोट विकायची नाही, पण नाव त्याचं असताना तो यार्डात बसला तर मला प्रत्येक सहीला त्याच्या मागे फिरावं लागेल, म्हणून तो कागद. पौर्णिमेनंतर सांगणार होता. शेवटचा नारळ माझ्या हातून घ्यायचा होता त्याला.

मी म्हटलं, ‘आनि मी तो सगल्यांसमोर काढून घेतला.’

तेव्हा तो जे बोलला ते तुला जसंच्या तसं लिहितो. ‘बाबा, तुमी बरा केलात. आता लोकं बोलतात, म्हाताऱ्यानं पोराला काढला. नायतर बोलली असती, पोरगा दर्याला घाबरला.’

म्हणून हसला होता तो.

कागद आता माझ्याकडे आहे. मोनालीनं स्वतः आणून दिला, बरोबर चहा होता. मी चष्मा लावला, तिला प्रत्येक ओळ वाचून अर्थ सांगायला लावला. तिला अर्ध्याच येत होत्या. तो लांब शब्द आला तेव्हा मीच तिला सांगितला. पेन्सिलीची फुली कुठेच नव्हती. नेमलेल्याच्या जागी सही केली.

जीवन सोमवारपासून कामाला जातो. बूट आता दारात असतात. तुझ्या रद्द करायच्या कागदाला साक्षीदार लागला तर कळव, मी येतो. केतन समोर असला तर जास्तच बरं.

एक काम तुलाही आहे. काल आनंदा मला धक्क्यावर आडवा आला. त्याची बोट आमच्या शेजारी लागते. दहा-बारा माणसं होती, दादू होता, जीवन कामावरून येऊन जाळ्याचा गोळा उचलत होता. आनंदा मोठ्यानं म्हणाला, ‘काय दिनानाथदादा, सख्ख्या पोरावर भरवसा नाय तुमचा?’

दादूनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघितलं, तो गप्प बसला.

मी म्हटलं, ‘नाय.’

सगळे ऐकत होते. जीवननं जाळं खांद्यावर घेतलं आणि घराकडे गेला. मी त्याच्या मागून गेलो.

सोनाबाई तुला विचारल्याशिवाय राहणार नाही. तिला हेच सांग. म्हातारा संशयी आहे म्हणावं, पहिल्यापासूनच.

दिनानाथ